छातीतली साधी गाठ आणि फोकस्ड अल्ट्रासाऊंड: सोलापूर परिसरातून वारंवार येणारे प्रश्न

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर, व्हॉट्सॅपवर आणि कधी कधी रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने लिहून येणारे हे प्रश्न. एकसारखे होते ते एकत्र केले आहेत. विचारणारीची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. एखादं उत्तर आधीच येऊन गेलं असेल, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. छातीत गाठ लागली म्हणजे कॅन्सरच समजायचं का?

नाही. विशी-तिशीतल्या मुलीला लागलेली, दुखत नसलेली, गुळगुळीत, बोटाखालून सटकणारी गाठ बहुतेक वेळा फायब्रोअॅडिनोमा असते. ती ग्रंथी आणि तंतू यांची साधी वाढ असते. १५ ते ३५ या वयात स्तनात सगळ्यात जास्त सापडणारी घन गाठ हीच.

पण हाताला साधी लागली म्हणून साधी, असं कुणीही ठरवू नये, डॉक्टरनेसुद्धा. ठरवायची रीत तीन पायऱ्यांची आहे: हाताने तपासणी, वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज असेल तिथे सुईने नमुना घेऊन तपासणं (पुढे नुसतं "सुई" म्हटलंय ते हेच). तिन्हींचं उत्तर एकच आलं की मग निवांत झोपावं.

२. हायफूने कुठलीही साधी गाठ जाते का?

नाही. हायफू म्हणजे फोकस्ड अल्ट्रासाऊंड, ध्वनिलहरींच्या उष्णतेने गाठ आतच जाळायचा उपचार (प्रश्न ३ पाहा). स्तनात तो अभ्यासला गेला तो प्रामुख्याने फायब्रोअॅडिनोमासाठी. पाण्याची गाठ असेल तर सुईने पाणी काढलं की काम होतं. बाळंतिणीला दुधाची गाठ होते, तिचंही तसंच. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना गाठीगाठी लागून ठणकतं, ती गाठच नव्हे. तिथे जाळण्यासारखं काही नसतं. गळू, पू आणि आपल्याकडे अजूनही दिसणारा स्तनाचा क्षयरोग यांचे उपचार पूर्ण वेगळे. म्हणून "गाठ आहे, हायफू करा" असं वाक्य नसतं. गाठीचं नाव आधी, मशीन नंतर.

३. फोकस्ड अल्ट्रासाऊंड म्हणजे नेमकं काय? सोनोग्राफीच ना ती?

ध्वनिलहरी त्याच जातीच्या, काम वेगळं. सोनोग्राफीत लहरी पसरून आत जातात, परत येतात आणि चित्र बनतं. फोकस्ड अल्ट्रासाऊंडमध्ये वाटीसारख्या खोलगट पृष्ठभागावरून निघालेल्या लहरी आत एका ठिपक्यावर एकवटतात. भिंगाखाली सोलापूरचं एप्रिलचं ऊन धरलं की कागद जळतो, भिंग मात्र गरम होत नाही, तोच हिशेब. वाटेतली कातडी शाबूत राहते आणि ठिपक्यावर तापमान काही सेकंदांत ६० अंशांच्या वर जातं. ५६ अंशांवर एखादा सेकंद राहिली तरी पेशीतली प्रथिनं गोठतात आणि पेशी मरते. एक ठिपका काही मिलिमीटरचा असतो. असे ठिपके शेजारी शेजारी देत गाठीचा बराचसा भाग भाजून काढतात. मेलेला भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं.

एक्स-रे किंवा किरणोत्सर्ग यात नसतो.

कल्पना नवी नाही. एकवटलेल्या ध्वनिलहरींनी आतली ऊती जाळता येते हे १९४२ मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं. १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या फ्राय बंधूंनी ती मेंदूवर वापरून पाहिली. स्तनातल्या फायब्रोअॅडिनोमावरचा सुरुवातीचा नावाजलेला अभ्यास २००१ चा, बॉस्टनमधला. त्यात एमआरआयच्या देखरेखीखाली ९ जणींच्या ११ गाठींवर उपचार झाले. पुढे फ्रान्सच्या थेराक्लिऑन कंपनीने सोनोग्राफीवर चालणारं इकोपल्स मशीन आणलं. त्याला युरोपात मान्यता मिळाली. अमेरिकेत स्तनातल्या गाठींसाठी मात्र हे काम चाचण्यांच्या टप्प्यावर राहिलं.

४. मी विडी वळते. तंबाखूमुळे गाठ झाली का? आई म्हणते घट्ट ब्रा घातल्यामुळे झाली.

दोन्हींचा फायब्रोअॅडिनोमाशी संबंध नाही. ही गाठ हार्मोनच्या तालावर चालते, म्हणून ती वयात आल्यावर दिसते, गरोदरपणी वाढू शकते आणि पाळी गेल्यावर बऱ्याचदा आक्रसते. तंबाखूची धूळ आणि मिश्री यांचे हिशेब वेगळे आहेत. मिश्री लावत असाल तर पुढच्या वेळी तोंडही तपासून घ्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आणि विडी घरकुल वसाहतीतल्या बायकांना हे आम्ही न विचारताच सांगतो.

५. साधी आहे म्हणता, मग काढायची कशाला? आणि काढायची नसेल तर हायफू तरी कशाला?

बरोबर विचारलंत. खरं उत्तर असं की बहुतेक फायब्रोअॅडिनोमांना काहीच करावं लागत नाही. काही तशाच राहतात, काही आपोआप लहान होतात.

उपचाराचा विचार कधी? गाठ वाढत असेल (सहा महिन्यांत व्यास सुमारे २० टक्क्यांहून जास्त वाढला तर डॉक्टर सावध होतात), ३ सेंमीच्या आसपास किंवा मोठी असेल, दुखत असेल, आकारात फरक दिसत असेल, किंवा पूर्ण समजावूनही बाईच्या मनातून ती जात नसेल. शेवटचं कारण आम्ही हलकं मानत नाही. रोज अंघोळीला हात तिथेच जातो आणि रात्री झोप लागत नाही, हेही दुखणंच.

मात्र "मशीन आलंय, करून टाका" हे कारण नव्हे. कुणी सव्वा सेंमीची, न वाढणारी, न दुखणारी गाठ पहिल्याच भेटीत जाळायला निघालं, तर दुसरीकडे दाखवून घ्या.

६. एफएनएसी झाली, साधी आली. आता परत जाड सुईची बायॉप्सी कशाला? सुईने गाठ खवळते म्हणतात.

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच, म्हणून जरा सविस्तर.

ऑपरेशनने गाठ काढली की ती पॅथॉलॉजीला जाते. आधीचा अंदाज चुकला असेल तर तिथे पकडला जातो. हायफूमध्ये गाठ आतच भाजली जाते आणि तपासायला काही हाती येत नाही. म्हणजे नंतर चूक कळण्याची खिडकी बंद. म्हणून जे काही कळायचं ते उपचाराच्या आधीच कळलं पाहिजे.

एफएनएसीत बारीक सुईने सुट्या पेशी मिळतात. त्यावरून "साधी दिसते" इतपत सांगता येतं, पण फायब्रोअॅडिनोमा आणि फायलोड्स यांतला फरक भरवशाने करता येत नाही. फायलोड्स दिसायला जुळी बहीण, पण भराभर वाढते, परत येते आणि काही वेळा कॅन्सरची असते. ती आजूबाजूच्या निरोगी भागासकट कापूनच काढावी लागते. जाड सुईच्या बायॉप्सीत, बहुधा १४ गेजच्या, ऊतीचा अख्खा तुकडा मिळतो. पेशी एकमेकींशी कशा मांडल्यात तेही दिसतं. तीसुद्धा शंभर टक्के नाही. रिपोर्टमध्ये "फायब्रोएपिथेलियल लीजन, फायलोड्स नाकारता येत नाही" असं काही लिहिलं असेल, तर हायफूचा विषय तिथेच संपवावा आणि गाठ काढून तपासावी.

राहिलं खवळण्याचं. सुईने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. कॅन्सर असलेल्या गाठीचं निदानही जगभर सुईनेच होतं. जागा बधिर करून सुई घालतात, थोडं काळंनिळं होतं, आठवड्या-दोन आठवड्यांत जातं. "सुई नको, थेट हायफू करा" असं कुणी सुचवलं, मग ती नातेवाईक असो की एजंट, तर पाय मागे घ्या.

७. रिपोर्टवर "बाय-रॅड्स ३" लिहिलंय. तिसरी स्टेज आहे का?

नाही, नाही. स्टेजशी काहीही संबंध नाही. बाय-रॅड्स ही चित्र वाचायची श्रेणी आहे. २ म्हणजे निश्चित साधी. ३ म्हणजे बहुधा साधी, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत. यात साधारण सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करतात आणि पुढे दोनेक वर्षं लक्ष ठेवतात. ४ आणि ५ ला सुई हवीच. हायफू करायचं ठरलं तर ३ ला, आणि २ म्हटलेल्या घन गाठीलासुद्धा, सुई हवी. कारण प्रश्न ६ मध्ये.

८. उपचाराच्या दिवशी काय काय करतात?

गळ्यातलं मंगळसूत्र, साखळी काढून ठेवायची. हात डोक्याकडे घेऊन पाठीवर किंवा कुशीवर झोपवतात. जेल लावतात. वर मशीनचं डोकं येतं, त्यात चित्र दाखवणारा आणि उष्णता देणारा असे दोन्ही भाग असतात. कातडी गरम होऊ नये म्हणून थंड द्रवाची पिशवी मध्ये असते. डॉक्टर गाठीची हद्द आखतात आणि कातडी व बरगड्यांपासून सुरक्षित अंतर सोडतात. गाठ कातडीला फार लागून असेल तर मध्ये सलाइन टोचून तिला खाली ढकलता येतं.

मग काही सेकंदांचा झोत, थांबा, पुन्हा झोत. थांबा असतो तो मधला भाग निवावा म्हणून. गाठीच्या आकाराप्रमाणे अर्धा तास ते दीड-दोन तास. या काळात हलायचं नाही, हीच खरी परीक्षा. खोकला-सर्दी झालेली असेल तर तारीख पुढे घ्या.

९. दुखतं का? भूल देतात का?

दुखतं, "अजिबात नाही" हे जाहिरातीतलं बोलणं. झोत पडताना टोचल्यासारखं किंवा आत चटका बसल्यासारखं वाटतं, बरगडीकडे कळ जाऊ शकते. म्हणून जागा बधिर करतात किंवा शिरेतून गुंगीचं औषध देतात. पूर्ण भूल सहसा लागत नाही. गुंगी देणार असतील तर उपाशी पोटी यायला सांगतील, आणि सोबत एक माणूस लागेल.

१०. उपचार झाला, पण गाठ अजून हाताला लागतेच. फसलो का?

नाही, हे अपेक्षित आहे. उलट पहिले काही आठवडे गाठ आधीपेक्षा कडक लागते. भाजलेला भाग शोषला जायला महिने जातात.

आकड्यांचा एक गोंधळ इथे सोडवू. बल्गेरिया आणि फ्रान्समधल्या एका अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, ४२ जणींच्या ५१ गाठींवर उपचार झाले आणि वर्षभरात गाठीचं आकारमान सरासरी ७२.५ टक्क्यांनी घटलं. ऐकायला वाटतं, पाऊण गाठ गायब. पण हे घनफळ आहे. २ सेंमी व्यासाच्या गोल गाठीचं घनफळ इतकं घटलं, तर व्यास साधारण १.३ सेंमी उरतो. म्हणजे वर्षानंतरही बोटाला काहीतरी लागणारच. "गाठ पूर्ण जाईल" या आशेने जाणार असाल तर हिरमोड होईल. "लहान होईल, दुखणं कमी होईल, व्रण राहणार नाही" एवढी अपेक्षा ठेवली तर बऱ्याचदा समाधान मिळतं. काहींना दुसऱ्यांदा झोत द्यावे लागतात.

११. धोके काय?

नेहमीचे: काही दिवस दुखणं, सूज, लाली, काळंनिळं पडणं, कातडीखाली दडसपणा. क्वचित: कातडीला चटका, छोटा फोड, जागेवर काळपट डाग. आपल्या सावळ्या कातडीवर डाग जास्त काळ दिसतो, त्यामुळे गोऱ्या बायकांचे "व्रणच नाही" असले फोटो पाहून हुरळू नये. आसपासची चरबी भाजली तर तिथे कडक गोळा होऊ शकतो (प्रश्न २३ पाहा). उपचारानंतर ताप, वाढत जाणारी लाली किंवा पू दिसला तर वाट न बघता डॉक्टरकडे जा.

१२. ऑपरेशन, व्हॅक्यूम आणि हायफू: तुमच्या मते कुठलं बरं?

लोक हे तिन्ही एकाच ताटात मांडतात, पण ते एका तोलाचे नाहीत.

ऑपरेशन जुनं, स्वस्त, सगळीकडे होणारं. छोटा छेद, बऱ्याचदा काळसर वर्तुळाच्या कडेने, म्हणजे व्रण लपतो. बहुधा त्याच दिवशी घरी. गाठ पूर्ण निघते आणि तपासली जाते. शंका असेल तिथे हाच पर्याय.

व्हॅक्यूमच्या सुईने, सोनोग्राफीत बघत, काही मिलिमीटरच्या छेदातून गाठ तुकड्या-तुकड्यांनी ओढून काढतात. साधारण ३ सेंमीपर्यंतच्या गाठींना चालतं. तुकडे पॅथॉलॉजीला जातात, हा मोठा फायदा. रक्त साकळू शकतं.

हायफूमध्ये छेदच नाही, व्रण नाही. पण गाठ जागेवर राहून लहान होते, नमुना मिळत नाही, मशीन मोजक्या ठिकाणी आणि खर्च जास्त. आमचं मत विचारलंत म्हणून सांगतो: कमी व्रण एवढाच हेतू असेल तर आधी व्हॅक्यूमची चौकशी करा. निदान पक्कं, गाठ मध्यम, सुरी-टाक्यांची मनापासून भीती, आणि थांबायची तयारी, असं सगळं जुळलं तर हायफू.

गोठवून मारायची क्रायो पद्धतही आहे. तिच्यातही गाठ आतच राहते, त्यामुळे सुईचा नियम तिलाही लागू.

१३. सोलापुरात होतं का? नाहीतर पुण्याला जायचं का?

निदानासाठी कुठेही जायची गरज नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, जाड सुईची बायॉप्सी आणि पॅथॉलॉजिस्ट सोलापुरात आहेत. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात, सर्जरीची ओपीडी असते. जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली, हे आपल्याकडच्या लोकांनाच ठाऊक नसतं.

मशीनच्या चौकशीसाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबादला फोन कराल तेव्हा नुसतं "हायफू आहे का" विचारू नका. गर्भाशयाच्या फायब्रॉइडसाठी किंवा प्रोस्टेटसाठी मशीन असलेलं हॉस्पिटलही "हो" म्हणेल. विचारा: स्तनातल्या फायब्रोअॅडिनोमासाठी करता का? आतापर्यंत किती केले, आणि वर्षभरानंतर किती जणींची सोनोग्राफी पाहिली? बायॉप्सीशिवाय करता का? (याचं "हो" आलं तर फोन ठेवा.) दुसऱ्यांदा लागलं तर पैसे वेगळे का? मशीनची देखभाल कोण करतं? हा शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण प्रश्न ३ मधल्या फ्रेंच कंपनीने पुढे आपला भर पायांच्या फुगलेल्या शिरांवरच्या उपचाराकडे वळवला आहे.

पुण्याला जायचंच ठरलं तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून भेट आणि सल्ला एका दिवसात होतो. उपचाराच्या दिवशी मात्र रात्री तिथेच राहा. गुंगी उतरलेली नसताना एसटीत बसून परत येण्यात शहाणपण नाही.

१४. होटगी रोडला एका पार्लरमध्ये "हायफू" चा बोर्ड बघितला. तिथे स्वस्तात होईल का?

अजिबात नको. ते मशीन चेहऱ्याची कातडी ताणायला असतं. कातडीखाली काही मिलिमीटरवर ते उष्णता देतं. गाठ कुठे आहे हे बघायची, हद्द आखायची तिथे सोय नसते आणि डॉक्टरही नसतो. फिजिओथेरपीतला कंबरदुखीचा अल्ट्रासाऊंडही वेगळा, तोही गाठीवर फिरवून घेऊ नये.

१५. मेडिक्लेम मिळतो का? फुले योजनेत बसतं का?

विमा नियामकाने २०१९ मध्ये काही आधुनिक उपचारांची यादी दिली, ज्यांना आरोग्य विम्यातून सरसकट वगळता येत नाही. तिच्यात हायफूचं नाव आहे. पण दोन अडचणी. एक, त्या यादीत ते गर्भाशयाच्या रक्तवाहिनी बंद करण्याच्या उपचाराशेजारी येतं, त्यामुळे स्तनाच्या गाठीला कंपनी हरकत घेऊ शकते. दोन, या उपचारांवर रकमेची वेगळी मर्यादा असू शकते. तोंडी "होऊन जाईल" वर विसंबू नका. आधी मंजुरीचं पत्र हातात घ्या, त्यात गाठीचं निदान आणि उपचाराचं पूर्ण नाव लिहून घ्या.

महात्मा फुले योजनेत उपचारांची ठरलेली यादी असते. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवा आणि गाठ काढण्याच्या ऑपरेशनबद्दलही त्याच वेळी विचारून घ्या. गारमेंटमध्ये कामाला असाल आणि पगारातून कामगार विमा कापला जात असेल, तर आधी तिकडचा रस्ता.

१६. मुलीचं स्थळ बघतोय. कापायचं नको म्हणती ती, डाग राहील म्हणून. लग्नाआधी हायफू करून घेऊ का?

ताई, आधी मुलीला एकटीला डॉक्टरशी बोलू द्या. बऱ्याचदा भीती मुलीला कमी आणि घराला जास्त असते.

गाठ लहान, सुईने पक्की आणि न वाढणारी असेल तर लग्नासाठी काहीच करायला नको. साधी गाठ हे लपवायचं किंवा मिटवायचं प्रकरण नाही. संसाराला, मूल होण्याला तिची अडचण नसते. करायचंच असेल तर लग्नाच्या महिनाभर आधी हायफू करण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा गाठ जास्तच कडक लागेल (प्रश्न १०).

१७. मुलगी १६ वर्षांची आहे, गाठ ४ सेंमीची.

हायफूचे अभ्यास मुख्यतः १८ वर्षांपुढच्या बायकांवर झालेत. या वयात स्तन अजून वाढत असतो. शिवाय मुलींमध्ये भराभर वाढणारी, ५ सेंमीच्या पुढे जाणारी फायब्रोअॅडिनोमा दिसते. तिला सर्जनच हवा. दोन-तीन महिन्यांत आकार बदलला असेल तर परीक्षा संपायची वाट बघू नका.

१८. गरोदर आहे, गाठ मोठी झाली. किंवा: बाळ अंगावर पितंय.

दोन्ही वेळी हायफू नाही. हार्मोनमुळे गाठ वाढलेली असते, पुढे ती उतरू शकते. पण "गरोदरपणात वाढतेच" म्हणून तपासणी टाळू नका. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुई, दोन्ही या काळात करता येतात. दूध पाजणं थांबल्यावर काही महिन्यांनी पुन्हा मोजावं.

१९. पुढे मूल झाल्यावर दूध येईल ना?

झोत जिथे पडले तिथल्या दुधाच्या नळ्या जातात, बाकीचा स्तन काम करतो. दुसरा तर पूर्ण शाबूत असतो. गाठ बोंडाच्या अगदी मागे असेल तर हा प्रश्न जास्त गंभीर. तिथे नळ्या एकत्र येतात आणि चटक्याचा धोकाही वाढतो. अशा वेळी मूल होईपर्यंत थांबता येईल का, हे डॉक्टरला स्पष्ट विचारा.

२०. माझ्या दोन्ही बाजूंना मिळून चार-पाच गाठी आहेत. सगळ्या जाळायच्या?

बहुधा एकही नाही. अनेक गाठी असणाऱ्या बायका बऱ्याच असतात. प्रत्येकीची जागा आणि माप लिहून ठेवायचं, वेगळी वागणारी असेल तिला सुई, बाकीच्यांवर नजर. एक भाजली म्हणून नवी होणार नाही, असं नसतं.

२१. वय ४६, आणि घरात मावशीला स्तनाचा कॅन्सर झालेला. गाठ मात्र साधी आलीय.

इथे नियम कडक. चाळिशीनंतर नव्याने लागलेली गाठ फायब्रोअॅडिनोमा निघू शकते, पण आधी मॅमोग्राफी आणि जाड सुई. गाठीत बारीक चुन्याचे संशयास्पद कण असतील तर हायफू नाही. घरात कमी वयात झालेला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर आणखी सावध. आनुवंशिक दोषातून होणारे काही कॅन्सर सोनोग्राफीत गोल, गुळगुळीत कडेचे, अगदी साध्या गाठीसारखे दिसतात. बायॉप्सीत "कॉम्प्लेक्स फायब्रोअॅडिनोमा" आलं तर पुढच्या आयुष्यातला धोका किंचित जास्त धरतात. अशा बाईला गाठ काढून तपासलेली बरी, असं आमचं मत. थोडा व्रण परवडला.

ज्यांना "कॅन्सरच हायफूने जाळा" असं विचारायचं आहे त्यांनाही इथेच उत्तर: कॅन्सरमध्ये कडा स्वच्छ निघाल्या का आणि काखेतल्या गाठींत पसरला का, हे कळावं लागतं. त्यामुळे ऑपरेशन टाळून हायफू हा रोजचा उपचार नाही.

२२. काढा / होमिओपॅथीच्या गोळ्यांनी शेजारणीची गाठ विरघळली. आधी ते करून बघू?

शेजारणीची गाठ गेली असेल, खोटं नाही. पण काही फायब्रोअॅडिनोमा काहीही न घेता लहान होतात, आणि त्या वेळी जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. हाच न्याय हायफूलाही लावा. म्हणूनच उपचाराआधी सहा महिने नुसतं मोजून बघणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं. निदान झाल्यावर गोळ्या घेतल्या तर आमचं भांडण नाही. निदानाऐवजी घेतल्या तर आहे.

२३. हायफू करून दीड वर्ष झालं. गाठ पुन्हा वाढायला लागली / मॅमोग्राफीत तिथेच डाग दिसला. आता?

या दोन गोष्टी वेगळ्या.

लहान होत आलेली गाठ पुन्हा वाढू लागली, तर पुन्हा झोत देऊ नका. आधी नव्याने सुई, आणि बहुतेक वेळा ती काढून टाकावी. कडेला राहिलेला साधा भाग वाढला असेल, किंवा पहिल्या सुईत न सापडलेली फायलोड्स असेल. या दोन्हींतला फरक तुकडा हाती आल्याशिवाय कळत नाही.

मॅमोग्राफीतला डाग बऱ्याचदा भाजलेल्या चरबीचा किंवा जुन्या जागेवर साठलेल्या चुन्याचा असतो. पण चित्र वाचणाऱ्याला तुमचा उपचार माहीत नसेल तर तो घाबरतो, तुम्हीही घाबरता आणि नको ती धावपळ होते. म्हणून उपचाराचा कागद फाइलमध्ये वर लावा: तारीख, कुठली बाजू, घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा, बोंडापासूनचं अंतर, आधीचं माप, बायॉप्सीचा नंबर. पॅथॉलॉजीची काच (स्लाइड) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) हेही मागता येतात. सुनेच्या किंवा लेकीच्या मोबाइलमध्ये त्या कागदांचे फोटो ठेवा. तपासणीच्या टेबलावर चढायच्या आधीच सांगा, "इथे हायफू झालंय." आणि हे सांगूनही वाचणाऱ्याला डाग शंकेचा वाटला, तर सुई करून घ्या.